बायबलमधल्या हिब्रू शब्दाचा अर्थ कसा शोधावा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी एका घरगुती प्रार्थनासभेत मी 'शालोम' या शब्दावर बोलले. आदल्या रात्री मोबाइलवर एक यादी सापडली होती: शांती, समृद्धी, आरोग्य, परिपूर्णता, सुरक्षितता, सलोखा. ती मी वाचून दाखवली आणि वर म्हटलं की, बायबलमध्ये जिथे जिथे शालोम येतो तिथे तिथे हे सगळं एकदम असतं. लोकांना आवडलं. चहाच्या वेळी मंडळीतले एक निवृत्त गुरुजी जवळ येऊन बसले. म्हणाले, "बाळ, दुसरं शमुवेल, अकरावा अध्याय, सातवं वचन वाच. दावीद उरीयाला लढाईचा शालोम विचारतो. तुझ्या यादीतला तो कोणता?"

घरी येऊन वाचलं. त्या एका वचनात शालोम तीनदा आहे: यवाबाचा शालोम, लोकांचा शालोम आणि लढाईचा शालोम. लढाईची शांती? लढाईचं आरोग्य? काहीच बसेना. अर्थ अगदी घरगुती आहे. गावाहून आलेल्या माणसाला आपण "सगळं क्षेमकुशल ना?" विचारतो, तसं दावीद विचारतोय. आणि ज्याच्या बायकोला आपण बोलावून घेतलं त्याच नवऱ्याला समोर बसवून तो ही खुशाली विचारतोय, हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. यादीनं यातलं काही दाखवलं नव्हतं. वचनानं दाखवलं.

त्यानंतर गुरुजींकडून आणि चुकत चुकत जे शिकले ते इथे क्रमानं लिहिते आहे. हिब्रू (आपल्या बायबलमध्ये 'इब्री') अजिबात न येणाऱ्या माणसालाही हे जमतं. घाई मात्र चालत नाही.

काय काय लागेल

- मराठी बायबलची किमान दोन वेगवेगळी भाषांतरं. एक जुनं, एक सोप्या मराठीतलं. इंग्रजी किंवा हिंदी वाचता येत असेल तर त्यातलं आणखी एक.
- हिब्रू अक्षरांचा छापील तक्ता. भिंतीवर चिकटवा.
- शब्दामागचा मूळ हिब्रू शब्द दाखवणारं एखादं मोफत साधन. स्टेप बायबल, ब्लू लेटर बायबल, बायबल हब ही तिन्ही मोबाइलवर चालतात. ज्यू परंपरेतला मजकूर आणि भाष्यं पाहायची असतील तर सेफारिया.
- जाड वही. प्रत्येक शब्दाला दोन पानं.

सुरुवातीला पैसे खर्च करू नका. महागडे कोश, सशुल्क अभ्यासक्रम, 'हिब्रू रहस्यं' उलगडणारी पुस्तकं यांतलं काहीही पहिल्या वर्षी लागत नाही. साधनं बहुतेक इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी आहे. पण त्यांतला कामाचा भाग म्हणजे शब्दाचा क्रमांक आणि वचनांची यादी. तेवढं इंग्रजी कामचलाऊ असलं तरी पुरतं. वचनं तर मराठीतच वाचायची आहेत.

१. आधी बावीस अक्षरं शिका

हे टाळावंसं वाटेल. टाळू नका. रोज तीन अक्षरं धरली तर आठ दिवसांत होतं. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. बावीस अक्षरं, सगळी व्यंजनं. त्यांतली पाच शब्दाच्या शेवटी आली की वेगळं रूप घेतात.

स्वर म्हणजे अक्षरांच्या खाली-वर दिलेले ठिपके आणि रेघा. आपल्याला मात्रा, वेलांटी, उकार यांची सवय असल्यानं ही कल्पना चटकन पटते. फरक एवढाच की, आपल्याकडे मात्रा पहिल्यापासून लिपीचाच भाग आहेत. तिकडे स्वरखुणा फार उशिरा आल्या. गालील समुद्राकाठच्या तिबिर्या शहरातल्या मासोरा परंपरेच्या विद्वानांनी साधारण सातव्या ते दहाव्या शतकात, तोंडी चालत आलेलं पठण जपण्यासाठी त्या बसवल्या. आजच्या बहुतेक छापील प्रती १००८ सालच्या एका हस्तलिखितावर आधारलेल्या आहेत. ते सेंट पीटर्सबर्गमध्ये जपून ठेवलेलं आहे. १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्या त्याहून सुमारे हजार वर्षं जुन्या आहेत, आणि त्यांत स्वरखुणा नाहीत.

अर्थाशी याचा संबंध असा. द-ब-र ही तीन अक्षरं घ्या. 'दावार' वाचलं तर शब्द किंवा गोष्ट, 'देवेर' वाचलं तर मरी. हबक्कूक ३:५ मध्ये देवापुढे मरी चालते. पण ज्यांनी हा ग्रंथ प्राचीन काळी ग्रीकमध्ये नेला त्यांनी तिथे 'शब्द' वाचला. अक्षरं तीच, स्वर वेगळे.

दिसायला सारखी अक्षरं नीट घोटा. दालेत आणि रेश यांच्यात फरक फक्त कोपऱ्याचा, आपल्या 'घ' आणि 'ध'सारखा. 'एहाद' म्हणजे एक आणि 'अहेर' म्हणजे दुसरा. हा फरक या दोन अक्षरांवर उभा आहे. म्हणून 'अनुवाद' या ग्रंथाच्या ६:४ मधल्या 'परमेश्वर एकच आहे' या वाक्यात एहादमधलं दालेत मोठं लिहायची परंपरा आहे, आणि निर्गम ३४:१४ मध्ये 'दुसऱ्या देवाला नमू नको' म्हणताना अहेरमधलं रेश मोठं. लिहिणाऱ्याचा हात चुकला तर अर्थाचा केवढा अनर्थ होईल, याची ती काळजी आहे.

उच्चारात मराठी माणसाला एक सोय आहे. 'त्सादे' या अक्षराचा उच्चार आपल्या 'चमचा', 'चाक', 'चूल' यांतल्या च-च्या अगदी जवळचा आहे. 'चहा'तला च नव्हे.

२. शब्द नको, वचन निवडा

नवखा माणूस "मला 'प्रीती'चा हिब्रू अर्थ पाहायचाय" असं म्हणून निघतो. तिथेच गाडी रुळावरून उतरते. एक वचन घ्या, दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवा आणि ती कुठे वेगळी होतात ते पाहा. एकानं 'जीव' म्हटलं, दुसऱ्यानं 'मन', तिसऱ्यानं 'गळा', तर तिथे खाली काहीतरी आहे. तिथेच खणा. जिथे सगळे एकमतानं 'मेंढरू' म्हणतात तिथे मेंढरूच आहे.

३. शब्द सोलून त्याचं मूळ रूप काढा

हिब्रूत 'आणि', 'तो विशिष्ट', 'मध्ये', 'ला', 'सारखा', 'पासून' हे सगळं शब्दाच्या पुढे चिकटून येतं, आणि 'माझा', 'तुझा', 'त्याचा' हे मागे. बायबलचा पहिलाच शब्द 'बेरेशीत'. यात 'बे' म्हणजे 'मध्ये', उरला 'रेशीत', म्हणजे आरंभ, आणि तो 'रोश', म्हणजे डोकं, या शब्दाच्या कुटुंबातला. 'नफ्शी' म्हणजे नेफेश (बहुधा 'जीव' असं भाषांतर होणारा शब्द) अधिक 'माझा'. 'हस्दो' म्हणजे हेसेद (बहुधा 'दया' असं भाषांतर होणारा) अधिक 'त्याचा'.

स्वतः सोलता येईपर्यंत साधनाची मदत घ्या. वचन उघडा, शब्दावर बोट ठेवा. मूळ रूप आणि एक क्रमांक दिसेल. हे स्ट्राँग यांचे क्रमांक, १८९० साली निघालेल्या शब्दसूचीतले. नेफेशचा ५३१५, हेसेदचा २६१७. क्रमांक वहीत टिपा. पुढचा सगळा शोध त्यावर चालतो.

वचनांच्या क्रमांकात गोंधळ होतो, त्याचीही आधीच कल्पना असू द्या. हिब्रू प्रतीत स्तोत्राचं शीर्षक बहुधा पहिलं वचन धरतात, लांब असेल तर पहिली दोन, त्यामुळे स्तोत्र ५१ मधलं आपलं दहावं वचन तिथे बारावं होतं. योएलाचे आपल्याकडे तीन अध्याय, हिब्रूत चार. मलाखीचे आपल्याकडे चार, तिथे तीन. साधन चुकीचं वचन दाखवतंय असं वाटलं तर आधी हे तपासा.

४. कोश वाचा, पण त्यातून अर्थ 'निवडू' नका

क्रमांकावर टिचकी मारली की अर्थांची यादी येते. माझी चूक इथेच झाली होती. स्ट्राँगच्या नोंदीत शेवटी जी यादी असते ती त्या शब्दाचे अर्थ नसून, एका जुन्या इंग्रजी भाषांतरानं तो शब्द कुठे कुठे कसा भाषांतरित केला त्याची जंत्री आहे. त्यातला आवडलेला शब्द उचलून आपल्या वचनात बसवणं म्हणजे अभ्यास नव्हे.

मराठीचं उदाहरण घ्या. 'पाणी' शब्दाखाली कोणी यादी दिली: जल, तेज, धार, अश्रू, हिंमत. "तोंडचं पाणी पळालं", "तलवारीला पाणी दिलं", "डोळ्यांत पाणी आलं" ही सगळी आपलीच वाक्यं. पण "माठात पाणी आहे" या वाक्यात तेज आणि हिंमत शोधणाऱ्याला आपण काय म्हणू? एका वाक्यात शब्दाचा बहुधा एकच अर्थ चालू असतो. बाकीचे घरी बसलेले असतात.

५. तो शब्द जिथे जिथे येतो ती वचनं वाचा

या सगळ्यातलं खरं काम हेच. बाकी पायऱ्या इथवर पोचायला. शब्द पन्नास वेळा आला असेल तर पन्नासही वाचा. शेकड्यांनी आला असेल तर एकेका ग्रंथातून चार-पाच घ्या: एक कथा, एक नियमशास्त्र, एक स्तोत्र, एक संदेष्टा.

नेफेश घेऊन दाखवते. हा शब्द साडेसातशेच्या आसपास वेळा येतो. पुष्कळ ठिकाणी त्याचं भाषांतर 'आत्मा' किंवा 'जीव' असं दिसेल. आता वचनं पाहा.

गणना ११:६ मध्ये मान्ना खाऊन कंटाळलेले लोक म्हणतात, आमचं नेफेश सुकलं. हा घसा आहे. स्तोत्र ६९:१ मध्ये पाणी नेफेशापर्यंत चढलंय. हा गळा आहे. यशया ५:१४ मध्ये अधोलोक आपलं नेफेश रुंदावतो आणि पुढच्याच शब्दांत तोंड पसरतो. नीतिसूत्रे २७:७ मध्ये भरलेलं नेफेश मधाचं पोळंही तुडवतं. ही भूक, वासना. लेवीय १७:११ मध्ये देहाचं नेफेश रक्तात आहे. हा प्राण. उत्पत्ती ४६:२७ मध्ये याकोबाच्या घरची सत्तर नेफेश मिसरात आली. ही माणसं, आपण म्हणतो तसे 'सत्तर जीव'. गणना ६:६ मध्ये तर मेलेलं नेफेश आहे, म्हणजे प्रेत. उत्पत्ती १:२४ मध्ये पृथ्वीनं उपजवलेली गुरं आणि सरपटणारे प्राणीही नेफेश. आणि निर्गम २३:९ मध्ये देव इस्राएलाला सांगतो, परक्याला गांजू नका, परक्याचं नेफेश तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्हीही मिसरात परके होता. या एका वचनापाशी मी दोन दिवस थांबले होते. परक्या गावात, परक्या दारात उभं राहिलेल्या माणसाच्या जिवाची काय अवस्था होते, ते तुम्हाला माहीत आहे.

हे सगळं वाचल्यावर 'आत्मा' शब्द किती अपुरा पडतो ते कळतं. अपुरा नव्हे, दिशाभूल करणारा. मराठीत 'आत्मा' म्हटलं की शस्त्रं ज्याला छेदत नाहीत, अग्नी ज्याला जाळत नाही, देह हे ज्याचं वस्त्र, ते तत्त्व डोळ्यांपुढे येतं. हिब्रू नेफेशला तहान लागते, ते सुकतं, रक्तात असतं, मरतं. आपल्या मनात आधीपासून बसलेला अर्थ तिकडे नकळत जातो.

आणि मराठीचं भाग्य असं की, आपल्याकडे 'जीव' आहे. जीव तळमळतो, जीव घेतात, जीव लावतात, घरात सात जीव असतात. गळ्याशी नातं हवं असेल तर "प्राण कंठाशी आले" आहेच. म्हणून स्तोत्र १०३ च्या आरंभी मराठी भाषांतरात "हे माझ्या जिवा" असं येतं, तेव्हा मला ते मुळाच्या फार जवळचं वाटतं.

६. क्रियापद असेल तर साचा पाहा

हिब्रूत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. ही रचना आपल्याला अनोळखी नाही. हुकूम, हाकीम, हुकूमत हे अरबीतून आलेले शब्द आपण रोज वापरतो. ह-क-म ही तीन व्यंजनं कायम, स्वर बदलतात. हिब्रूही याच कुळातली.

क्रियापदं सात मुख्य साच्यांत चालतात: काल, निफाल, पिएल, पुआल, हिफिल, होफाल, हिथपाएल. नावं पाठ करायची गरज नाही. साधन साचा दाखवतं. तो टिपा, कारण साचा बदलला की अर्थ हलतो. 'बसणे' आणि 'बसवणे' यांत फरक आहे ना, तसा.

क-ब-द हा धातू पाहा. साध्या साच्यात जड असणं. पिएलमध्ये मान देणं: "आपल्या बापाचा व आईचा मान राख" या आज्ञेत हेच क्रियापद आहे. हिफिलमध्ये जड करणं: फारो आपलं हृदय जड करतो. आणि नाम 'कावोद', म्हणजे गौरव. वजनापासून गौरवापर्यंतचा हा रस्ता मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपणही म्हणतो, "त्यांच्या शब्दाला वजन आहे." आणि 'गौरव' हा शब्दच 'गुरू', म्हणजे जड, यातून आलेला आहे.

पहिलं शमुवेल, चौथा अध्याय शांतपणे वाचा. कराराचा कोश (देवाच्या कराराची पवित्र पेटी) हरवल्याची बातमी ऐकून म्हातारा एली आसनावरून मागे कोसळतो, मान मोडून मरतो, कारण तो म्हातारा होता आणि 'कावेद', जड, होता. तीन वचनांनंतर त्याची सून मरता मरता बाळाचं नाव ठेवते 'ईकाबोद': इस्राएलाचं कावोद गेलं. जड माणूस पडला आणि वैभव गेलं, एकाच धातूचे दोन शब्द एकाच अध्यायात. भाषांतरात हा धागा दिसत नाही. हिब्रूत शोधण्याचा खरा आनंद अशा जागी आहे.

७. मराठीतल्या अरबी शब्दांचा उपयोग करा, पण जपून

उत्पत्ती १५:६ हे माझं आवडतं वचन. अब्रामानं परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या बाजूनं नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं. हिब्रूत विश्वास ठेवण्याचं क्रियापद 'हेएमीन', अ-म-न या धातूचं. याच धातूचं भावंड अरबीत आहे, आणि तिथून आपल्याकडे 'इमान', 'अमानत', 'बेइमान' आले. प्रार्थनेच्या शेवटी आपण म्हणतो तो 'आमेन' हिब्रू धातूचाच. पुढे 'गणलं' यासाठी ह-श-ब, आणि त्याचं अरबी भावंड म्हणजे आपला रोजचा 'हिसाब'. नीतिमत्त्वासाठी 'त्सेदाका', मुसलमान शेजाऱ्यांच्या तोंडी ऐकलेला 'सदका' त्याच्या नात्यातला. हिब्रू 'श'च्या जागी अरबीत अनेकदा 'स' येतो, म्हणून शालोम-सलाम. 'बेराखा' म्हणजे आशीर्वाद, आणि आपली 'बरकत'.

ही नाती लक्षात ठेवायला आणि शब्दाची चव कळायला मदत करतात. इमान म्हटलं की विश्वास ही नुसती डोक्यातली मान्यता राहत नाही, त्यात टिकणं आणि भरवशाचं असणं येतं. पण नातं म्हणजे अर्थ नव्हे. हिब्रूत 'लेहेम' म्हणजे भाकर, अरबीत 'लहम' म्हणजे मांस. बेथलेहेम हिब्रूत भाकरीचं घर. सख्ख्या बहिणी, पण संसार वेगळे. म्हणून भावंड शब्द वहीच्या समासात लिहायचा, अर्थाच्या रकान्यात नाही.

८. हे सापळे ओळखा

*व्युत्पत्तीचा सापळा.* धातूचा अर्थ म्हणजेच शब्दाचा खरा, गुप्त अर्थ, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. 'कुशल' म्हणजे मुळात हात न कापता कुश गवत तोडणारा, 'प्रवीण' म्हणजे वीणा वाजवण्यात निपुण, असं सांगतात. म्हणून "कुशल सर्जन" म्हटल्यावर कोणी गवताचा भारा आठवत नाही. हिब्रूत लेहेम म्हणजे भाकर आणि 'मिल्हामा' म्हणजे लढाई यांत तीच तीन व्यंजनं आहेत. त्यावरून "भाकर ही आत्मिक लढाई आहे" असा संदेश मी ऐकलेला आहे. भाव चांगला होता, पण शब्द ते सांगत नाहीत.

*अक्षरचित्रांचा सापळा.* आलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर, म्हणून अमुक शब्दाचा अर्थ 'घरातला बलवान'. अक्षरांचे आकार फार पूर्वी चित्रांवरून आले हे खरं. पण शब्दांचे अर्थ चित्रं जोडून बनलेले नाहीत. या पद्धतीनं कोणत्याही शब्दातून काहीही काढता येतं, आणि जिथून काहीही निघतं तिथून मिळालेल्या अर्थाला किंमत नसते. या विषयावरचे व्हिडिओ दिसायला फार सुंदर असतात. तरी दूर राहा.

*आजच्या हिब्रूचा सापळा.* इस्रायलमध्ये आज 'हश्माल' म्हणजे वीज. यहेज्केल १:४ मध्ये हाच शब्द अग्नीच्या मध्यभागी झळकणाऱ्या कशासाठी तरी आला आहे. आधुनिक भाषेनं तो तिथून उचलून विजेला दिला. संदेष्ट्याला विद्युतप्रवाह दिसला होता असं यातून सिद्ध होत नाही.

*एकदाच येणारे शब्द.* नोहाच्या तारवाचं 'गोफेर' लाकूड बायबलमध्ये फक्त उत्पत्ती ६:१४ मध्ये आहे. ताडून पाहायला दुसरं वचनच नाही. म्हणून बऱ्याच भाषांतरांनी तो शब्द तसाच ठेवला. अशा शब्दावर कोणी छातीठोकपणे सिद्धांत बांधत असेल तर सावध व्हा.

९. जाणत्यांना विचारा

हिब्रू आणि मराठी यांची ओळख जुनी आहे. कोकणातले बेने इस्राएल हे ज्यू लोक, ज्यांना गावोगाव 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, ते घरात मराठी बोलत आणि प्रार्थना हिब्रूत करत. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी काम संपलं होतं, आणि १९२४ मध्ये ते छापून बाहेर पडलं. आपल्या आधी मराठीतून हे करून गेलेली माणसं आहेत, हे अवघड दिवसांत मला फार धीर देतं.

मुंबईत मशीद बंदरजवळ सॅम्युअल स्ट्रीटवर बेने इस्राएलांचं सिनेगॉग आहे, १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी स्थापलेलं. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत, आणि स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. त्या सिनेगॉगचं नाव 'शआर हारहमीम', दयेचं दार.

'रहमीम' हा शब्द 'रेहेम', म्हणजे गर्भाशय, याच्या कुटुंबातला. लगेच "देवाची दया म्हणजे गर्भाशय" असं म्हणायचा मोह होतो. थांबा, पाचवी पायरी करा. १ राजे ३:२६ मध्ये शलमोनापुढे बाळाचे दोन तुकडे करायची वेळ येते, तेव्हा खऱ्या आईचे रहमीम पेटून उठतात. उत्पत्ती ४३:३० मध्ये बन्यामिनाला पाहून योसेफाचंही तेच होतं, आणि तो रडायला आतल्या खोलीत जातो. योसेफ पुरुष आहे, तिथे गर्भाशय नाही. पण दोन्हीकडे आपण ज्याला आतडं पिळवटणं, पोटातली माया म्हणतो ते आहे. हा अर्थ धातूनं सुचवला, पण पक्का वचनांनी केला. क्रम असाच हवा.

ओळखीत एखादं बेने इस्राएल कुटुंब असेल, सेमिनरीत शिकलेले पाळक असतील, तर त्यांना विचारा. विचारताना "या शब्दाचा अर्थ काय?" असं विचारू नका. "मी ही वचनं वाचली, मला असं वाटलं, कुठे चुकलं?" असं विचारा. उत्तर देणाऱ्यालाही गोडी वाटते.

१०. शेवटी स्वतःच्या मराठीत एक ओळ लिहा

वहीच्या दुसऱ्या पानावर ते वचन आपल्या बोलीत लिहून काढा. छापायला नव्हे, कळलं की नाही हे तपासायला. न कळलेलं वचन स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नाही.

पहिला शब्द म्हणून हेसेद घ्या आणि पहिला ग्रंथ म्हणून रूथ. चार अध्याय, पंच्याऐंशी वचनं, एका संध्याकाळी वाचून होतात. हेसेद त्यात तीनदा येतो: १:८, २:२० आणि ३:१०. आपल्याला हा शब्द बहुतेक स्तोत्र १३६ मधून ठाऊक असतो. तिथे सव्वीसच्या सव्वीस वचनांच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे' असं येतं, आणि ती 'दया' म्हणजे हेसेद.

आता रूथ १:८. नवरा गेला, दोन्ही मुलं गेली, आणि नामी रस्त्यात थांबून दोन विधवा सुनांना माहेरी परत जायला सांगते. म्हणते, तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी जसं हेसेद केलंत, तसं परमेश्वर तुमच्याशी करो. इथे 'दया' घालून पाहा. सुना सासूवर दया करतात? मेलेल्या नवऱ्यावर दया करतात? बसत नाही. मग २ शमुवेल ९:१ उघडा. योनाथान मरून गेलाय, आणि दावीद विचारतो, शौलाच्या घराण्यात कोणी उरलंय का, योनाथानासाठी मी त्याच्याशी हेसेद करीन. कुणाला तरी दिलेला शब्द आहे, जुनं नातं आहे, आणि समोरचा आता परतफेड करू शकत नाही.

माझ्या वहीत त्या पानावर तीन-चार शब्द खोडलेले आहेत: दया, कृपा, प्रेमळपणा, निष्ठा. त्यांच्याखाली रूथ १:८ असं लिहिलंय: "पोरींनो, गेलेल्यांच्या आणि माझ्या नात्याला तुम्ही जागलात, तसाच परमेश्वर तुमच्याशी जागो." गुरुजींना दाखवलं तेव्हा त्यांनी 'जागलात' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "आता ३:१० ला हाच शब्द चालतो का पाहा." तुम्हीही तिथूनच सुरू करा.